चुकू देणारी प्रतिकृती

साहित्याला वाहिलेल्या मासिकात संगणकावरील एका खेळाची समीक्षा पाहून काही वाचकांच्या कपाळास आठी पडेल, याची आम्हांस जाणीव आहे. नाटक, चित्रपट, संगीत यांची चर्चा अशा पानांतून होते. कारण त्या कला आहेत हे आता सर्वमान्य झाले आहे. व्हिडिओ गेम हा मात्र पोरासोरांचा उद्योग, आणि प्रौढ माणसाने त्यात वेळ घालविलाच तर निदान तो बोलून दाखवू नये, असा समज अजून दृढ आहे. या समजाशी भांडण मांडण्याचा आमचा हेतू नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या कृतीत मनुष्य जगातील एखाद्या गोष्टीचे चित्र उभे करतो, त्यासाठी काही घेतो आणि काही वगळतो, त्या कृतीस 'हे चित्र खरे आहे काय?' असा प्रश्न विचारता येतो. आणि हा प्रश्न समीक्षेच्या घरचाच आहे. कादंबरीतील वास्तवाविषयी आपण पिढ्यान्‌पिढ्या वाद घालीत आलो. तोच वाद स्नूकरच्या टेबलाच्या संगणकीय प्रतिकृतीविषयी घालून पाहावा, असा हा प्रयत्न आहे.

आमच्यासमोरची मुख्य कृती म्हणजे सेलेरिस या अमेरिकन संस्थेने २०१२ साली प्रसिद्ध केलेला 'व्हर्च्युअल पूल ४' हा खेळ. नाव पूलचे असले तरी त्यात स्नूकरचाही समावेश आहे, आणि आम्ही तो प्रामुख्याने स्नूकरसाठीच खेळलो. ज्या वाचकांनी स्नूकरचे टेबल पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. सुमारे बारा फूट लांब व सहा फूट रुंद असे हे टेबल हिरव्या बनातीने मढविलेले असते. त्याच्या चार कोपऱ्यांत चार व लांब बाजूंच्या मध्यावर दोन, अशी सहा पॉकेटे असतात. चेंडू बावीस, त्यांपैकी पंधरा लाल, सहा निरनिराळ्या रंगांचे आणि एक पांढरा. क्यूने मारावयाचा तो फक्त पांढरा. इतरांस जे काही सांगावयाचे ते त्याच्यामार्फत. आधी एक लाल, मग एक रंगीत, पुन्हा लाल, असा क्रम. लाल चेंडूचा एक गुण, पिवळ्याचे दोन, आणि वाढत वाढत काळ्याचे सात. सर्व लाल चेंडूंबरोबर दर वेळी काळाच घेतला व शेवटी सारे रंग क्रमाने घेतले, तर एका खेळीत १४७ गुण होतात. नियम इतके थोडे आहेत, की ते पोस्टकार्डावर मावतील. अवघड आहे ते पांढऱ्या चेंडूस योग्य जागी थांबविणे. लाल चेंडू पॉकेटमध्ये गेला ही अर्धीच गोष्ट झाली. पांढरा चेंडू पुढच्या रंगासाठी कोठे येऊन उभा राहिला, यात उरलेली अर्धी.

या खेळाचा जन्म आमच्या वाचकांस विशेष आपुलकीचा वाटावा असा आहे. तो लंडनमध्ये जन्मला नाही, जबलपुरास जन्मला. १८७५ साली तेथील छावणीत डेव्हनशायर रेजिमेंटचे अधिकारी होते, व त्यांच्या मेसमध्ये बिलियर्डचे एक टेबल होते. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने (पुढे पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे) 'ब्लॅक पूल' नावाच्या प्रचलित खेळात आणखी काही रंगीत चेंडू घातले. लष्करी विद्यालयातील प्रथम वर्षाच्या अननुभवी छात्रास त्या काळी 'स्नूकर' म्हणत. कोणा खेळाडूचा सोपा चेंडू हुकला तेव्हा चेंबरलेनने त्यास थट्टेने 'स्नूकर' म्हटले, आणि मग या नव्या खेळात आपण सारेच तसे नवखे आहोत, अशी मखलाशीही केली. ही हकीकत त्याने स्वतःच १९३८ साली 'द फील्ड' या नियतकालिकास लिहिलेल्या पत्रात दिली आहे. पुढे उटकमंडच्या क्लबात या खेळाचे नियम स्थिर झाले. घरापासून दूर बदली झालेल्या नोकरदारांनी रिकामा वेळ घालविण्यासाठी काढलेला हा खेळ, आणि त्याचे नावच मुळी एका चुकलेल्या फटक्यावरून पडलेले. या दुसऱ्या गोष्टीकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

संगणकावर या खेळाची प्रतिकृती करण्याचा उद्योग जुना आहे. त्यात पहिले खरोखर मोठे काम झाले ते इंग्लंडमध्ये. आर्चर मॅक्लीन या प्रोग्रॅमरने १९९१ साली अमिगा व अटारी एसटी या घरगुती संगणकांसाठी 'जिमी व्हाइट्स व्हर्लविंड स्नूकर' हा खेळ केला. त्यापूर्वीच्या अशा खेळांत टेबल साधारणतः छतावरून पाहिल्यासारखे सपाट दिसे; चेंडू म्हणजे रंगीत ठिपके. मॅक्लीनने पाहणाऱ्यास टेबलाभोवती फिरू दिले. खाली वाकावे, क्यूच्या रेषेतून पाहावे, पलीकडे जाऊन कोन तपासावा, पुन्हा अलीकडे यावे, हे सारे त्याने शक्य केले. आजच्या कोणत्याही मोबाईलच्या तुलनेत ते संगणक अगदी दुबळे होते. त्यामुळे चित्रात बारकावा असा नव्हताच. खोली नाही, प्रेक्षक नाहीत, प्रतिस्पर्ध्याचा चेहरा नाही. तरी टेबल खरे वाटे. कारण मॅक्लीनने एक मर्म ओळखले होते: स्नूकर खेळणारा मनुष्य टेबलाकडे एका जागेवरून पाहत नाही. ज्यास निरनिराळ्या बाजूंनी पाहता येत नाही त्यास कोन कळत नाही, आणि ज्यास कोन कळत नाही त्यास खेळ कळत नाही. त्या प्रोग्रॅमरने बाकीचे सारे सोडले, आणि हे एक धरले. वास्तववादी लेखकाचे कौशल्य याच निवडीत असते असे आम्हांस वाटते. (विचार करीत फार वेळ बसले की त्या खेळातील चेंडू खेळणाराकडे पाहून वेडीवाकडी तोंडे करीत. हा विनोद वास्तवात बसत नाही. पण त्याने वास्तवाचा भंग झाला अशी तक्रार कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही.) मॅक्लीन २०२२ च्या डिसेंबरात वारला.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण म्हणजे लॅब४२ या इंग्लिश संस्थेने केलेला व रिपस्टोनने २०१९ साली प्रसिद्ध केलेला 'स्नूकर १९'. यात व्यावसायिक स्नूकरचा रीतसर परवाना घेऊन त्या वेळच्या दौऱ्यावरील १२८ खेळाडू त्यांच्या नावानिशी व चेहऱ्यामोहऱ्यानिशी आणले आहेत. शेफील्डचे क्रूसिबल नाट्यगृह, जेथे १९७७ पासून जागतिक स्पर्धा होत आली, तेही त्यात आहे. जॅकेटे आहेत, पंच आहे, समालोचन आहे. ही सारी मेहनत आम्ही कमी लेखीत नाही. परंतु तिचे मूळ कोणते हे पाहावे. १९६९ साली बीबीसीने रंगीत दूरदर्शनच्या प्रसारासाठी 'पॉट ब्लॅक' हा कार्यक्रम सुरू केला, आणि ज्या लाखो लोकांनी आयुष्यात क्यू हाती धरला नाही त्यांनाही स्नूकर ठाऊक झाले. तेव्हापासून बहुसंख्यांच्या मनात स्नूकर म्हणजे दूरदर्शनवरील स्नूकर. 'स्नूकर १९' ही मुख्यतः त्या प्रक्षेपणाची प्रतिकृती आहे, म्हणजेच चित्राचे चित्र. ते सुबक आहे. पण त्यात आपण खेळाडूच्या जागी असतो त्याहून अधिक प्रेक्षकाच्या जागी असतो, अशी आमची भावना झाली.

'व्हर्च्युअल पूल'ची परंपरा या दोहोंहून निराळी. तिचा पहिला खेळ १९९५ साली निघाला, आणि त्याच्या प्रकाशकाने एक धाडसी हमी दिली होती: हा खेळ खेळून खऱ्या टेबलावरचा तुमचा हात सुधारेल, नाही तर पैसे परत. जाहिरात म्हणून हे सोडून देता येईल. समीक्षकाने मात्र ते सोडू नये, कारण त्यात प्रतिकृतीने स्वतःच आपल्या परीक्षेची कसोटी सांगितली आहे. चित्र हुबेहूब आहे एवढाच दावा तेथे नाही. चित्रावरून मूळ शिकता येईल, असा तो दावा आहे. कादंबरीच्या बाबतीत आपण नेमका हाच दावा मनातल्या मनात करीत असतो. म्हणून ही कसोटी आम्ही तशीच पुढे नेणार आहोत.

प्रथम गणिताचे पाहू. गास्पार-ग्युस्ताव्ह कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ साली बिलियर्डच्या गणितावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तेव्हा टेबलावरील चेंडूंचे शास्त्र काही नवे नाही. पांढरा चेंडू क्यूने बरोबर मध्यावर मारला, तर तो प्रथम गडगडत नाही; कापडावरून घसरतो. कापडाचे घर्षण त्यास हळूहळू फिरावयास लावते, आणि तो पुरता गडगडू लागतो त्या वेळी त्याच्या मूळ वेगाचा पाच-सप्तमांश वेग उरलेला असतो. घसरता चेंडू दुसऱ्या चेंडूस तिरका लागला, तर दोघे जवळजवळ काटकोनात दूर जातात. तोच गडगडता लागला, तर पांढरा त्या काटकोनाच्या रेषेवरून पुढे वळतो. मध्याच्या खाली मारलेला चेंडू उलटा फिरत गेला, तर टक्कर होताच तो मागे येतो. म्हणजे समोरचे दृश्य तेच, चेंडूंच्या जागा त्याच, आणि तरी पांढरा कोठे जाईल हे त्याच्या पोटातील न दिसणाऱ्या फिरकीवर अवलंबून. 'व्हर्च्युअल पूल ४' मध्ये हे सारे इतक्या काटेकोरपणे उतरले आहे, की पहिले काही दिवस आम्ही गुणांचा विचार न करता एकच लाल चेंडू पुनःपुन्हा मांडून, पांढरा थोडा वर, थोडा खाली मारून, त्याची वाट कशी बदलते हेच पाहत बसलो. भाषा शिकताना एकच धातू निरनिराळ्या काळांत चालवून पाहावा तसे ते होते.

फटका मारण्याची रीतही विचारपूर्वक योजलेली आहे. पुष्कळ खेळांत जोर ठरविण्यासाठी पडद्यावर एक पट्टी वर-खाली होत असते. योग्य क्षणी कळ दाबली की काम झाले. येथे तसे नाही. 'एस' ही कळ दाबून धरावयाची आणि माउस हाताने मागे घेऊन पुढे ढकलावयाचा. जेवढ्या वेगाने ढकलाल तेवढा फटका जोराचा. हलका फटका मारताना हात आखडतो, जोराचा मारताना वाहवतो. दोन्ही दोष पडद्यावर उमटतात. माणसाच्या अंगातला थोडासा कंप या वाटेने यंत्रात शिरतो. एवढ्या लहानशा योजनेने खेळाचा स्वभाव बदलला आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. अशा बहुतेक खेळांप्रमाणे येथेही पडद्यावर मार्गदर्शक रेषा दाखविण्याची सोय आहे. नेम धरताच पांढरा कोठे लागेल, लाल कोणीकडे जाईल, हे रेषा आधीच आखून दाखविते. नवशिक्याची सोय म्हणून हे ठीक. परंतु रेषा चालू असता आपण जे करतो त्यास खेळणे म्हणावे काय, याची आम्हांस शंका आहे. लाल चेंडूची रेषा पॉकेटच्या तोंडाशी नेऊन ठेवली की उरते ते केवळ बजावणीचे काम. निर्णय यंत्राने घेतलेला असतो. आम्ही स्वतः तीन-चार महिने रेषेच्या आधाराने खेळलो, मोठमोठ्या खेळ्या केल्या, आणि आपणांस स्नूकर येऊ लागले अशा समजुतीत राहिलो. कचेरीत मसुदा वरिष्ठांनीच सांगावा, आपण तो स्वच्छ अक्षरात उतरावा, आणि महिन्याअखेरीस आपली लेखनशैली सुधारली असे मानावे, त्यातलाच हा प्रकार होता.

मग एके दिवशी रेषा बंद केली. पहिल्या संध्याकाळी एकाही फ्रेममध्ये दोन अंकी खेळी झाली नाही. जो कोन पूर्वी सहज दिसे तो दिसत नव्हताच. दिसे ती रेषा होती. चेंडूचा अर्धा भाग घ्यावा की पाऊण, हे आता स्वतः ठरवावे लागे, आणि ठरविलेले चूक होते हे फटका मारून झाल्यावरच कळे. परंतु येथेच या कृतीचा खरा गुण आमच्या ध्यानात आला. प्रत्येक चुकीस तिचे स्वतःचे कारण होते. चेंडू पॉकेटच्या डाव्या ओठाशी अडला तर आपण जाड घेतला होता. उजव्याशी अडला तर पातळ. पांढरा दोन हात पुढे गेला तर जोर अधिक होता, की फिरकी कमी, हे पुन्हा मारून पाहता येई. चूक ही शिक्षा नव्हती. ती माहिती होती. जे चित्र आपणांस चुकूच देत नाही, त्यावरून काही शिकता येत नाही. जे चुकू देते, पण चूक का झाली ते कळू देत नाही, त्यावरूनही नाही. 'व्हर्च्युअल पूल ४' रेषेशिवाय खेळला असता या दोन्ही दोषांपासून मुक्त आहे, आणि आमच्या मते त्याचा वास्तववाद चेंडूंच्या तकाकीत नाही, येथे आहे. 'स्नूकर' हे नाव ज्या हुकलेल्या फटक्यावरून पडले त्याची आठवण आम्ही राखून ठेवली होती ती यासाठी. हुकण्याची शक्यता वगळली तर या खेळात वगळण्यासारखे आणखी काही उरतच नाही.

या संदर्भात जिमी व्हाइटचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ज्या खेळाडूचे नाव मॅक्लीनने आपल्या खेळास दिले तो जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सहा वेळा पोचला: १९८४ साली एकदा, आणि १९९० ते १९९४ अशी सलग पाच वर्षे. सहाही वेळा तो हरला. १९९४ साली स्टीफन हेंड्रीविरुद्ध सतरा-सतरा अशी बरोबरी होती. शेवटच्या फ्रेममध्ये व्हाइटची खेळी चालू होती. आणि त्या वेळी त्याच्यासारख्यास नित्याचा असलेला काळा चेंडू हुकला. हेंड्रीने टेबलावर येऊन सामना संपविला. तो काळा चेंडू कोणत्याही संगणकावर मांडून पाहा. रेषा चालू ठेवली तर दहा वर्षांचे मूलही तो घालील. व्हाइटला कोन ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? कोनाच्या पलीकडे जे होते त्याने त्याला दगा दिला. हे 'पलीकडचे' प्रतिकृतीत किती येते, हा आता प्रश्न.

त्याचे उत्तर आम्हांस पुस्तकात सापडण्याजोगे नव्हते. ते टेबलावरच शोधावे लागले, म्हणून थोडे स्वतःविषयी लिहिण्याची मुभा घेतो. नोकरीनिमित्त आम्ही ज्या एका शहरी राहिलो तेथील क्लबात स्नूकरचे जुने टेबल होते. संध्याकाळी जाताना खिडकीतून दिव्याखालची हिरवी बनात दिसे व चेंडूंचा टणत्कार ऐकू येई. त्या क्लबाचे सभासदत्व विशिष्ट दर्जाच्या अधिकाऱ्यांपुरते होते. आमच्यासारख्या लिपिकास आत जाण्याची वाट नव्हती. नियम तो नियम. त्याविषयी येथे गाऱ्हाणे मांडावयाचे नाही. परंतु बारा फुटांचे टेबल आणि त्याभोवती क्यू फिरविण्यास लागणारी मोकळी जागा सामान्य माणसाच्या घरात मावत नाही, आणि म्हणून हा खेळ ज्यांच्याकडे मोठी खोली त्यांचाच राहत आला, हे खरे आहे. प्रतिकृतीने ती खोली आमच्या सरकारी क्वार्टरच्या मेजावर आणून ठेवली. तिचे हे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे.

पुढे दुसऱ्या गावी बदली झाली, आणि तेथल्या बाजारात दुसऱ्या मजल्यावर तासाच्या भाड्याने टेबल देणारी एक जागा सापडली. रेषेशिवाय दोन वर्षे खेळून झाली होती. मनात ती १९९५ ची हमी होती. क्यू हातात घेतला, एक सोपासा लाल चेंडू पाहिला, तो कोठे घ्यावा हे क्षणात दिसले, आणि फटका मारला. लाल पॉकेटपासून वीतभर दूर कुशनला लागला. दुसरा तसाच, तिसराही. तासाभरात चार की पाच चेंडू गेले असतील. तेथे एक वृद्ध मार्कर होते. पूर्वी कोणत्याशा क्लबात नोकरीस होते, आणि गुण मांडण्याचे काम नसले तरी बाजूस उभे राहून प्रत्येक फटका पाहत. निघताना ते म्हणाले, "बाबूजी, आँख आपकी सीखी हुई है, हाथ अभी कोरा है।" आमचा संगणकावरचा उद्योग त्यांस ठाऊक नव्हता. कोन निवडताना आम्ही चुकत नव्हतो, पांढरा कोठे न्यावयाचा याचा विचारही बरोबर होता, एवढे त्यांनी नुसत्या पाहण्यावरून ताडले होते.

त्या एका वाक्यात 'व्हर्च्युअल पूल ४'ची आम्हांस माहीत असलेली सर्वांत नेमकी समीक्षा आहे. हमी अर्धी खरी ठरली. डोळा खरोखरच शिकला होता. जे कोन आम्ही कधीही प्रत्यक्ष पाहिले नव्हते ते ओळखीचे वाटत होते. पण माउस हातभर सरकविणे निराळे, आणि खांदा, कोपर, मनगट व हनुवटीखालचा क्यू एका रेषेत ठेवून तो न डगमगता पुढे नेणे निराळे. डाव्या हाताच्या बोटांचा जो आधार करावा लागतो तो पडद्यावर नाही. टेबलाची लांबी पडद्यावर नाही. तेथे दृष्टी कोठेही उडत जाते. प्रत्यक्षात एक पाय जमिनीवर ठेवावाच लागतो, आणि दूरच्या चेंडूसाठी लांब दांड्याची रेस्ट मागावी लागते. आणि वाट पाहणे नाही. आपली चूक झाल्यावर खुर्चीवर जाऊन बसावे, समोरच्याने एकेक चेंडू घालीत जावे, आणि आपण हातात क्यू धरून ते पाहत राहावे, ही स्नूकरमधील खरी शिक्षा. संगणकाशी खेळताना तेवढ्या वेळात आम्ही चहा ठेवून येत असू. व्हाइट हरला तो या प्रदेशात, असे आता आम्हांस वाटते.

मग ही प्रतिकृती अपुरी म्हणावी काय? अपुरी तर खरीच. परंतु अपुरेपणा आणि खोटेपणा या दोन गोष्टी आहेत, आणि आपल्या वास्तवविषयक वादांत त्यांची गल्लत वारंवार होते. बा. सी. मर्ढेकर यांनी कलाकृतीच्या घटकांतील संबंधांवर भर दिला; संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी कृतीची लय सिद्ध होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. (ते स्वतः आकाशवाणीच्या नोकरीत होते व १९५६ साली दिल्लीस वारले, हे आमच्या वाचकांस सांगणे नको.) त्यांचे सारे सौंदर्यशास्त्र आम्ही येथे आणीत नाही. परंतु स्नूकरची खेळी पाहताना ही तत्त्वे आठवतात. लाल-रंगीत-लाल असे तेच ते पुनःपुन्हा येणे, दर वेळी कोन निराळा असणे, आणि पांढऱ्याने फार न भटकता काळ्याच्या आसपास राहणे, या संबंधांतच खेळीचे रूप आहे. हे संबंध प्रतिकृतीत शाबूत आहेत. जे वगळले आहे ते शरीर आहे. हुबेहूब चेहरे घेऊन संबंध ढिले सोडण्यापेक्षा, चेहरे सोडून संबंध घट्ट राखणे हे अधिक प्रामाणिक, असा आमचा निर्णय आहे. फक्त कर्त्याने एक करावयास हवे होते: रेषा ही सोय आहे, खेळ नव्हे, हे शिकाऊ मनुष्यास त्याने अधिक स्पष्टपणे सांगावयास हवे होते. ज्यांनी रेषा कधीच बंद केली नाही त्यांस आपण काय खेळलो नाही हे कळण्याचा मार्ग उरत नाही. हा दोष लहान नाही.

आपण गावापासून दूर राहणारी माणसे प्रतिकृतींवर पुष्कळ जगतो. महाराष्ट्र मंडळाचा गणपती, मोबाईलच्या पडद्यावर दिसणारे आईचे तोंड, येथल्या पिठाची केलेली पुरणपोळी. त्यांचा तिरस्कार करण्याचे कारण नाही, आणि त्यांनाच मूळ समजण्याचेही नाही. जे चित्र आपला अपुरेपणा लपवीत नाही, त्याच्याशी प्रामाणिक संबंध जुळतो, आणि पुढे मूळ समोर आले तर निदान डोळा तयार असतो. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्डचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. पुण्यातच जन्मलेले पंकज अडवाणी पुढे बिलियर्ड व स्नूकर या दोन्हींत जगज्जेते झाले. त्यांचे हात टेबलावर तयार झाले, पडद्यावर नव्हे. आमचा हात तसा कधी होणार नाही. परंतु त्यांची एखादी खेळी पाहताना पांढरा चेंडू तेथे का थांबला, हे आता आम्हांस कळते. तेवढ्यासाठी ही प्रतिकृती अभ्यासावी, आणि रेषा बंद करून अभ्यासावी, अशी आमची शिफारस आहे.

आम्ही अजूनही रविवारी त्या दुसऱ्या मजल्यावर जातो. गेल्या महिन्यात एका खेळीत एकोणीस गुण झाले. मार्कर काही बोलले नाहीत. पण पुढचा लाल हुकल्यावर त्यांनी खडूचा ठोकळा आमच्यापुढे सरकविला.